ग्रो लाइटच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. सहाच्या बोर्डावर ४८० वॉट जास्त होतात का?

खिडकीतली_बाग | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत १९८४ सालची बिल्डिंग, दुसरा मजला. आमच्या गॅलरीत दुपारपर्यंत छान ऊन यायचं. समोर टॉवर उभा राहिला आणि ऊन गेलं ते गेलंच. तुळस कशीबशी तगली, पुदिना लांबुडका होऊन आडवा पडला, बेसिलने तर आठ दिवसांत मान टाकली.

म्हणून दिवाळीच्या बोनसमधून दोन एलईडी ग्रो लाइट घेतले, प्रत्येकी २४० वॉटचे. पांढऱ्या उजेडाचे, मागे अॅल्युमिनियमची जाड प्लेट आणि त्यावर ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा करंट पुरवणारा डबा) बसवलेला. स्लाइडिंगच्या आत लोखंडी रॅकला टांगलेत. बेडरूममधल्या टीव्हीच्या सॉकेटवरून (छोट्या तीन पिनचं, सहा अँपिअरवालं) एक्स्टेंशन बोर्ड ओढून दोन्ही लावलेत. रोज १४ तास चालतात. लेट्यूस बघाल तर विश्वास बसणार नाही.

प्रश्न असा की सहा अँपिअरच्या बोर्डावर ४८० वॉट इतका वेळ चालवणं सुरक्षित आहे का? नवऱ्याचं म्हणणं, "बोर्ड जळेल, सोळाचा पॉइंट काढून घेऊ." त्यासाठी भिंत फोडावी लागेल.

आणखी एक बारीकशी गोष्ट. लाइट वरखाली करताना प्लेटला हात लागला तर बोटांत मुंग्या येतात. लादी नुकतीच पुसलेली असेल तर जरा जास्तच. हे नवीन लाइटला होतंच का?

उगाच_एक | रात्री ९:५२

ती "बारीकशी गोष्ट" शेवटी लिहिलीत, ते वाचून मला इथे कल्याणात मुंग्या आल्या.

तीन_पिन | रात्री १०:१५

ताई, आधी दोन्ही लाइट सॉकेटमधून काढा, मग पुढचं वाचा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. जुन्या घरात बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) आहे की न्यूट्रलवर (परत नेणाऱ्या), याचा भरवसा नसतो.

लोडचं गणित सोपं आहे. ४८० भागिले २३० म्हणजे साधारण २.१ अँपिअर. ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर थोडा कमी असला, म्हणजे तेवढ्याच वॉटला तो जरा जास्त करंट ओढत असला, तरी अडीचच्या आसपास. सहाच्या सॉकेटला हे काहीच नाही, तुमची इस्त्री याच्या दुप्पट खाते. भिंत फोडू नका.

घोळ त्या मुंग्यांमध्ये आहे. तुमच्या सॉकेटला अर्थिंग (बॉडीवर आलेला करंट जमिनीत नेणारी वायर) नसावं असा माझा कयास.

विजयादशमी | रात्री १०:२८

इस्त्री दहा मिनिटं चालते हो, हे १४ तास. सॉकेटच्या पाकळ्या ढिल्या असतील तर दोन अँपिअरलाही तापतात. आमच्याकडे फिश टँकचा हीटर असाच एका पिवळट पडलेल्या स्पाइक गार्डवर होता. एक दिवस घरभर बॅकेलाइट जळल्याचा वास. पिन टॉप काढायला गेलो तर एक पिन सॉकेटमध्येच चिकटून राहिली. हीटर होता फक्त ३०० वॉटचा.

तीन_पिन | रात्री १०:३५

@विजयादशमी, मान्य. जळतो तो जोड. तासभर लाइट चालवून पिन टॉप काढायचा (धरायचा प्लास्टिकला, पिनेला नाही) आणि हाताच्या मागच्या बाजूने त्याचं अंग बघायचं. कोमट चालेल. चटका बसला किंवा भोकाभोवती तपकिरी डाग दिसला तर सॉकेट बदला. पण हे अर्थिंगचा निकाल लागल्यावर.

हर_हुन्नरी | रात्री ११:०२

एवढं घाबरवायला काय झालं? जुन्या बिल्डिंगमध्ये सगळीकडे असंच आहे. सोपा उपाय सांगतो. सॉकेट उघडा, वरचं मोठं भोक अर्थचं. तिथून न्यूट्रलच्या स्क्रूला वायरचा तुकडा मारा. मुंग्या लगेच बंद. आमच्या घरात २० वर्षं असंच आहे, कुणाला काही झालेलं नाही.

जुना_लाईनमन | ८ डिसेंबर, सकाळी ६:१०

वर @हर_हुन्नरी यांनी सांगितलंय ते कुणीही करू नये. मी ३४ वर्षं खांबावर चढलोय, म्हणून कळकळीने लिहितो.

न्यूट्रल आणि अर्थ यांचा संबंध पुरवठ्याच्या बाजूला असतो, तुमच्या सॉकेटात नसतो. तुम्ही सॉकेटात लूप मारला आणि उद्या मीटरजवळ न्यूट्रल सुटली, कुजली, उंदराने कुरतडली, तर काय होईल? फेज लाइटच्या आतून न्यूट्रलवर येतो, पुढे वाट बंद, म्हणून लूपमधून थेट बॉडीवर. पूर्ण २३०. लाइट बंद दिसतो, माणूस "काय झालं बघू" म्हणून हात लावतो. याला मुंग्या म्हणत नाहीत.

दुसरं असं की जुन्या घरात फेज आणि न्यूट्रल उलटे लावलेले बोर्ड मी शेकड्याने पाहिलेत. तशा बोर्डात लूप मारला तर न्यूट्रल सुटायचीही वाट बघायला नको.

नळाच्या पाइपला अर्थ जोडायचीही एक जुनी खोड आहे. खालच्या मजल्यावर प्लंबरने मधला तुकडा प्लॅस्टिकचा बसवला की वरच्यांचा करंट शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाला.

हर_हुन्नरी | सकाळी ९:२०

काका, तुमचा अनुभव मान्य. पण आमच्या इलेक्ट्रिशियननेच करून दिलं होतं, मी मनाने नाही केलं.

जुना_लाईनमन | सकाळी ९:३१

त्याला बोलावून त्याच्याकडूनच काढून घ्या. चहा माझ्या खात्यावर.

खिडकीतली_बाग | सकाळी १०:०५

बाप रे. लाइट काल रात्रीच काढले. लेट्यूस माझ्याकडे बघतंय.

तुमचं वाचून एक आठवलं. आमच्या सासूबाई फ्रिज उघडताना नेहमी रबरी चप्पल घालतात. फ्रिजच्या बाजूलाच ठेवलेली असते, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. मला वाटायचं सोवळ्याओवळ्यातलं काहीतरी असेल. आज विचारलं तर म्हणाल्या, "चावतो ना तो!"

उगाच_एक | सकाळी १०:०९

इतकी वर्षं फ्रिज चावतोय आणि निदान बेसिलमुळे झालं.

बर्फातली_कमल | सकाळी १०:४४

मिनियापोलिसहून. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, म्हणून बेसमेंटमध्ये कढीपत्त्याची पाच झाडं लाइटखाली जगवते. फोडणीत कढीपत्ता नसेल तर त्याला पोहे म्हणू नये, या मताची मी आहे.

इथे १२० व्होल्ट, त्यामुळे तितक्याच वॉटला दुप्पट अँपिअर. साध्या सर्किटला १५ अँपिअरचा ब्रेकर. तीन तासांपेक्षा जास्त सलग चालणारा लोड त्याच्या ८० टक्क्यांत बसवायचा, असा इथला नियम. म्हणजे १२ अँपिअर, १४४० वॉट. नियम तिकडचा नसला तरी १४ तासांच्या लाइटला ही सवय बरी.

आधी माझ्याकडे सेकंडहँड ६०० वॉटचा सोडियमचा दिवा होता, चोक आणि इग्नायटरवाला. पेटताना इग्नायटर काही हजार व्होल्टचे झटके देतो, त्यामुळे चोक ते दिवा ही वायर साधी चालत नाही. एकदा झारीचं पाणी गरम काचेवर उडालं आणि नळी फटकन फुटली. कढीपत्त्याच्या पानापानावर काच. त्या दिवसापासून एलईडी.

गच्चीवरचा_गडी | सकाळी ११:१५

@खिडकीतली_बाग, २४० वॉट खरोखरचे आहेत ना? ऑनलाइन "१००० वॉट" लिहिलेले लाइट मी मीटरवर लावून पाहिले, एक १०८ वॉट खात होता. वायरिंगच्या दृष्टीने चांगलंच, पण पैसे १००० चे मोजलेले.

आणि बिल? ४८० वॉट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला ६.७ युनिट, महिन्याला २०० युनिट. महावितरणचा १०० चा स्लॅब ओलांडला की दर कसा उडी मारतो ते माहीत आहेच. तुमचं लेट्यूस पनीरपेक्षा महाग.

विजयादशमी | सकाळी ११:२२

वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, पहिल्या शंभरांना नाही. पण हो, महागच. लेट्यूसला १४ तास द्यायचे तर उजेड मंद ठेवून चालतं. ड्रायव्हरला डिमर असेल तर निम्म्यावर आणून बघा.

मधुमालती | दुपारी १२:०३

विषय वायरिंगचा आहे, पण जांभळे लाइट घेऊ नका एवढं सांगते. आमच्या सेक्रेटरींनी रात्री खिडकी पाहून मिटिंगमध्ये विचारलं होतं, "मॅडम, बार सुरू केलाय का?"

उगाच_एक | दुपारी १२:०६

बार परवडला. दुसरा संशय आला असता तर १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा वाचत बसला असता.

ड्रॅगन_सांगोला | दुपारी १:४०

आमच्याकडे हेच काम एकरात चालतं. ड्रॅगन फ्रूटला रात्र लहान झाली की फूल धरतं, म्हणून थंडीत रात्री चार-पाच तास ओळींवर एलईडी बल्ब लावतो, बिगरहंगामी फळासाठी. शेवंतीवाले उलट्या कारणासाठी लावतात. शेवंतीला मोठी रात्र लागते, ती मोडली की कळी थांबते, म्हणजे फूल आपल्याला हवं तेव्हा.

पहिल्या वर्षी एका टोकाकडून वायर दिली. पहिल्या ओळीत लख्ख, शेवटच्या ओळीत समई. मीटर लावला तर टोकाला १८५ व्होल्ट. दुसऱ्या वर्षी बोर्ड शेताच्या मधोमध घेतला, चारी बाजूंना वायरी सोडल्या, फरक मिटला. वायर जाड घ्यायची अक्कलही तेव्हाच आली.

होल्डर साधे लावले होते. जानेवारीत अवकाळी पाऊस आला आणि आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा डबा) जो पडला तो तीन दिवस उभा राहीना. गडी म्हणाला, "मालक, हा डबा काढून टाकू, त्यानंच अडचण होतीया." काढला नाही. चौथ्या दिवशी एका होल्डरात पाणी सापडलं, खाली ठिबकच्या चिखलात बायका तण काढत होत्या. त्या दिवसापासून त्या डब्याला मी देव्हाऱ्यातला मानतो.

तीन_पिन | दुपारी २:१०

वा! ताई, हा प्रतिसाद तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवा. एमसीबी (लोड फार वाढला की पडणारा स्विच) वायरला वाचवतो. तुमच्या शरीरातून जाणारे ५०-१०० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीत नसतात, त्याला पडायला कित्येक अँपिअर लागतात. माणसासाठी आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा.

आता मुंग्यांचं कारण. लाइटच्या ड्रायव्हरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, रेडिओसारखा खरखराट बाहेर जाऊ नये म्हणून. त्यांतून थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थच्या वायरने निघून जातो. अर्थ नसेल तर बॉडी मधोमध लटकते, फेज आणि न्यूट्रलच्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट एक मिलिअँपिअरच्याही आत असतो म्हणून नुसत्या मुंग्या. दोन्ही लाइट एकाच लोखंडी रॅकला, म्हणून दोन्हींची बेरीज.

लाइट निर्दोष असला तरी हे होतं. पण आत खरोखर इन्सुलेशन गेलेलं असेल तरी पहिला अनुभव असाच येऊ शकतो, आणि बोटाला त्यातला फरक कळत नाही.

मल्टिमीटर आहे का? लाइट एक्स्टेंशनला लावून, कुणीही हात न लावता, त्याच एक्स्टेंशनच्या रिकाम्या सॉकेटात तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

खिडकीतली_बाग | रात्री ८:५०

नवऱ्याने सासूबाईंची चप्पल घालून मापं घेतली. फेज-न्यूट्रल २२९. फेज-अर्थ १०९. न्यूट्रल-अर्थ ११७.

तीन_पिन | रात्री ८:५८

बरोब्बर निम्मं निम्मं. अर्थिंग असतं तर दुसरं माप २२९ च्या जवळ आणि तिसरं दोन-चार व्होल्ट आलं असतं. तुमच्या सॉकेटची अर्थची पिन कुठेही जात नाही.

जुना_लाईनमन | ९ डिसेंबर, सकाळी ६:०५

वायरमनला बोलवा आणि मीटर रूमपासून सुरुवात करायला सांगा. खाली अर्थचा खड्डा आहे का, वर येणारी पट्टी गंजून तुटली आहे का, ते आधी. जुन्या सोसायट्यांत कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा असतो, वर पार्किंगच्या फरशा बसवलेल्या असतात आणि १५ वर्षं त्यात कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसतं.

काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० चा बल्ब लावून अर्थ तपासतात. पद्धत जुनी आहे, पण अर्थ तुटलेली असेल तर बल्बमधून फेज घरातल्या प्रत्येक बॉडीवर चढतो. तेवढा वेळ सगळ्या वस्तूंचे पिन टॉप काढून ठेवा, पोरांना बाहेर पाठवा. आणि वायर अॅल्युमिनियमची असेल तर ती तांब्याला नुसती पीळ देऊन काळी टेप मारू नका. तो जोड ढिला पडतोच.

गच्चीवरचा_गडी | सकाळी ९:१२

वायरमन येतोच आहे तर टायमरचंही बघा. मी स्मार्ट प्लग लावला होता, त्यावर सोळा अँपिअर छापलेलं. एलईडीचा ड्रायव्हर चालू होतो त्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, त्यात रिलेचे (प्लगच्या आतल्या छोट्या स्विचचे) पॉइंट एकमेकांना चिकटले. अॅप म्हणतं "बंद", खोलीत लख्ख दुपार. मिरची चार रात्री झोपली नाही. आता टायमरने फक्त कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा दणकट स्विच) चालतो, लाइटचा करंट कॉन्टॅक्टरमधून. एमसीबीही सी टाइपचा (असा क्षणभराचा झटका सोसणारा) घेतला, बी टाइपचा सहा अँपिअरवाला रोज सकाळी पडायचा.

मधुमालती | सकाळी ९:४०

आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, झारीच्या खाली तर नकोच. भिंतीला, कुंडीच्या वर. लाइटकडे जाणाऱ्या वायरला बोर्डाच्या अलीकडे झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटात शिरत नाही.

उगाच_एक | सकाळी ९:४३

पहिल्यांदाच कुणीतरी वायरिंगमध्ये झोल असावा असं सांगतंय.

खिडकीतली_बाग | १६ डिसेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला, पण वायरमन रविवारशिवाय मोकळा नव्हता.

खालचा खड्डा शाबूत निघाला, फक्त कोरडाठाक. वर येणारी पट्टीही ठीक. मग बेडरूमचा बोर्ड उघडला. आत लाल, काळी आणि मागे दुमडून, टोकाला टेप मारून नीट ठेवलेली हिरवी वायर! १९८४ पासून तिथेच. वायरमन म्हणाला, "होती ओ ताई, लावली नव्हती कुणी." तिघांनी मिळून घरातले ११ सॉकेट उघडले. चारांत हिरवी वायर अशीच झोपलेली, त्यात फ्रिजचा एक. दोनांत वायरच नव्हती, तिथे केसिंग पट्टीतून नवीन ओढली.

सगळं जोडून आरसीसीबी बसवला. लाइट चालू, फ्रिज चालू, सगळं ठीक. वॉशिंग मशीन लावलं की खटकन पडायचा. मशीनच बिघडलं असं वाटून मी हबकले. वायरमनने मशीनचा सॉकेट परत उघडला, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये तांब्याच्या तारेचा इवलासा तुकडा. @हर_हुन्नरी, तुमच्या इलेक्ट्रिशियनचा हात डोंबिवलीपर्यंत पोहोचला होता. तार काढली, मग मशीन फिरलं.

मापं: २२९, २२८, १. प्लेटला हात लावला (आधी वायरमनने, मग मी), काही नाही. प्रत्येक लाइट एकेकटा लावूनही पाहिला, आरसीसीबी शांत, म्हणजे लाइट निर्दोष असावेत. लोखंडी रॅकलाही हिरवी वायर जोडून घेतली. टीव्हीचा सॉकेट तेवढा बदलला, त्याच्या पाकळ्या खरंच ढिल्या होत्या. भिंत फोडली नाही.

जुना_लाईनमन | १७ डिसेंबर, सकाळी ६:०२

उत्तम. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला पाहिजे. खड्ड्यात पाणी ओतायला सोसायटीला सांगा, उन्हाळ्यात तर नक्की.

हर_हुन्नरी | सकाळी ८:४५

काका, आमचाही काढला काल. तीन सॉकेटांत सापडला. चहाचं लक्षात आहे.

बर्फातली_कमल | सकाळी ९:३०

फार छान वाटलं वाचून. सासूबाईंची चप्पल गेली का आता?

खिडकीतली_बाग | सकाळी ९:५१

मी कौतुकाने सांगायला गेले, "आई, आता नाही चावणार." त्यांनी एका बोटाने फ्रिजच्या दाराला हळूच शिवून पाहिलं. मग पाय चपलेत सरकवले, दूध काढलं आणि म्हणाल्या, "बघू आणखी पंधरा दिवस."